वास्तव्य कोठे करावे?

मनुष्याने कोठे राहावे हा प्रश्न वरवर पाहता सोयीचा वाटतो. परंतु थोडे खोल शिरले असता तो धर्माचा प्रश्न आहे असे आढळून येते. धर्म हा शब्द आम्ही येथे पूजाअर्चेच्या अर्थी योजीत नसून, आपणांवर कोणाचे काय देणे आहे या अर्थी योजीत आहोत.

आपल्या मंडळाच्या सभासद कुटुंबांत हा प्रश्न अलीकडे वारंवार निघतो. मुलाची बारावी झाली की निघतो, मुलीचे लग्न ठरविताना निघतो, घरातील कर्ता पुरुष नोकरीतून निवृत्त झाला म्हणजे निघतो. आणि कोणी एकाएकी आजारी पडून रात्री इंदुरास न्यावे लागले म्हणजे तर हमखास निघतो. मग घरची मंडळी कागद घेऊन बसतात. एकीकडे राजगढ, दुसरीकडे इंदूर, पुणे, क्वचित परदेशातील एखादे शहर; आणि प्रत्येक नावाखाली लाभ व हानी मांडली जाते. ही पद्धत वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. अविचाराने घर हलविण्यापेक्षा विचाराने हलविणे केव्हाही श्रेयस्कर. आमचे म्हणणे इतकेच की या कागदावर एक रकाना बहुधा गाळला जातो. तो कोणता, हे पाहण्यासाठी आधी तो कागद प्रामाणिकपणे भरून पाहू.

राहण्याचे स्थळ कसे पारखावे याविषयी चाणक्यनीतीत पाच खुणा सांगितल्या आहेत : धनवान मनुष्य, वेदवेत्ता, राजा, नदी आणि वैद्य. जेथे ही पाच नाहीत तेथे एक दिवसही राहू नये, असा तेथील अभिप्राय. आजच्या भाषेत त्यांना उपजीविका, शिक्षण, न्याय व संरक्षण, पाणी आणि औषधोपचार अशी नावे देता येतील. काळ बदलला, तरी खुणा फारशा बदलल्या नाहीत.

या खुणांनी आपले राजगढ पारखले, तर ते मधल्या प्रतीचे ठरेल. इंदूर–अहमदाबाद मार्गालगत असल्यामुळे बाजारपेठ चालती आहे. मोहनखेडा तीर्थाच्या यात्रेकरूंमुळे दुकानदारांचा संसार चालतो. घरभाडे पेलण्यासारखे आहे, आणि रस्त्यात भेटणारा दर दुसरा मनुष्य आपल्या वडिलांना ओळखतो. परंतु उच्च शिक्षण हवे असेल किंवा आजार मोठा असेल, तर धार नाही तर इंदूर गाठावे लागते. इंदूर–दाहोद लोहमार्गाची पायाभरणी २००८ साली झाली. त्यानंतर पंधरा वर्षे उलटली तरी धारला रेल्वेगाडी आलेली नव्हती. ज्या प्रदेशात गाडीची वाट पाहण्यात मुले तरुण होतात, तेथील तरुणांनी बाहेर पाहिले तर त्यांना दोष कसा द्यावा?

इंदुरास महाविद्यालये आहेत, रुग्णालये आहेत, धंद्याला वाव आहे. २०१७ पासून देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून त्याचा लौकिक वर्षानुवर्षे टिकला. परंतु ज्या नर्मदेच्या पाण्यावर ते शहर जगते, ते पाणी तेथे १९७८ साली पोहोचले, आणि तेही सुमारे सत्तर किलोमीटरवरून पंपांनी वर चढवून. म्हणजे पाचांपैकी नदी ही खूण इंदुरास उसनी आणावी लागली. देवासची कथा याहून कठीण. तेथे १९७० नंतर कारखाने उभे राहिले, नोटा छापण्याचा सरकारी छापखाना आला. परंतु १९९० च्या सुमारास त्या शहरास रेल्वेच्या वाघिणींतून पाणी पुरवावे लागले. पिथमपूर तर आपल्याच धार जिल्ह्यातले. हातास काम हवे त्याला ते जवळचे ठिकाण. पण जानेवारी २०२५ मध्ये भोपाळच्या वायुकांडातील कारखान्याचा ३३७ टन विषारी कचरा जाळण्यासाठी तेथेच आणला गेला, तेव्हा तेथील रहिवासी भयभीत होऊन रस्त्यावर उतरले. कामाच्या लाभापुढे हवेची ही चिंता हानीच्या बाजूस लिहावीच लागेल.

राहता राहिले पुणे. मराठी मनाला पुण्याची ओढ असणे स्वाभाविक आहे. मुलांना मराठी शाळा, नाटके, ग्रंथालये, मोठमोठी रुग्णालये हे सर्व तेथे आहे. परंतु तेथे गेल्यावर आपण एकदम ‘आपले’ होतो, ही समजूत खरी नव्हे. माळव्यातील मराठी माणूस ‘मी जाऊन राहिलो आहे’ असे बोलला की तेथील दुकानदार गालात हसतो. येथे तीन शतके मराठी म्हणून ओळखले गेलेले घर तेथे ‘तिकडले’ म्हणून ओळखले जाते. शिवाय संकट कोठे नाही? १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यातील नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या एकाच वाड्यात राहिलेली कुटुंबे एका सकाळी बेघर झाली. निर्दोष स्थळ पृथ्वीवर नाही, एवढे या तुलनेतून निश्चित निघते.

येथवरचा हिशेब सर्वांच्या कागदावर असतो. आता दुसऱ्या बाजूने पाहू. आमच्या परिचयाची काही वृद्ध मंडळी असे मानतात की गाव सोडणे हेच मुळी चुकीचे. ज्या भूमीत वाडवडील राहिले ती सोडणारा कृतघ्न. त्यांच्या भावनेविषयी आदर बाळगूनही आम्हांस हे मान्य करता येत नाही. कारण आपले वाडवडील स्वतःच गाव सोडून येथे आलेले आहेत. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याजवळ चिमाजी अप्पांच्या फौजेने माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादुर याचा पराभव केला. ते अमझेरा आपल्या शेजारचे. त्या लढाईत उदाजी पवार होते; पुढे धार आणि देवास येथे पवारांची राज्ये स्थिर झाली, आणि त्यांच्या मागोमाग कारकून, उपाध्ये, वैद्य, सावकार, गुरव, शिलेदार अशी कितीतरी घरे नर्मदा ओलांडून इकडे आली. त्यांनी मागे ठेवलेल्या गावांतही कोणीतरी त्यांना कृतघ्न म्हटलेच असेल.

माळव्याचा इतिहास तर स्थान बदलण्याचाच इतिहास आहे. भोजराजाने धारा नगरी राजधानी म्हणून नावारूपास आणली. होशंगशहाने पंधराव्या शतकाच्या आरंभी मांडूचा डोंगर पसंत केला. अहिल्यादेवींनी कारभारासाठी नर्मदाकाठचे महेश्वर निवडले. पुढे १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूर झाली. शिंदे १८१० साली उज्जैन सोडून ग्वाल्हेरीस गेले. आपल्या गावाशी नामसाम्य असलेल्या सह्याद्रीतील राजगडावर शिवछत्रपतींनी कितीतरी वर्षे राज्यकारभार केला. परंतु राज्य वाढले तेव्हा स्थळाचा पुन्हा विचार करून ते रायगडास गेले. संस्थाने १९४८ साली मध्यभारतात विलीन झाली आणि १९५६ साली मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ ठरली, तेव्हा दरबाराच्या आश्रयाने जगणाऱ्या अनेक मराठी घरांना उपजीविकेसाठी पुन्हा बिऱ्हाड हलवावे लागले. हे सारे डोळ्यांसमोर असता स्थलांतर हेच पाप असे कोण म्हणेल?

मनुष्याचे राहो, देवांनीही स्थलांतर केले आहे. गोव्यात पोर्तुगीजांचा जुलूम वाढला तेव्हा १५६० साली मंगेशाचे लिंग कुशस्थळीहून नदीपलीकडे प्रियोळ येथे नेण्यात आले. शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली. ज्या स्थानी देवाचे रक्षण होत नाही, ते स्थान कितीही पुरातन असले तरी सोडावे, असा निर्णय त्या भक्तांनी घेतला. मात्र एक गोष्ट ध्यानात धरण्यासारखी आहे. त्यांनी आधी स्वतःचे बिऱ्हाड सुरक्षित केले आणि देव मागे एखाद्या वृद्ध पुजाऱ्याच्या स्वाधीन केला, असे झाले नाही. ज्याला स्वतःहून चालता येत नाही, त्याची व्यवस्था त्यांनी आपल्या स्थलांतराचाच भाग मानली.

येथे आम्हांस त्या गाळलेल्या रकान्याचा धागा सापडतो. मंदिरातील मूर्तींच्या प्रतिष्ठेचे दोन प्रकार असतात, हे आपणांस ठाऊक आहे : चल आणि अचल. उत्सवमूर्ती चल, ती पालखीत बसते, नगरप्रदक्षिणा करते, परत येते. गर्भगृहातील मूर्ती अचल. एकदा पिंडिकेत बसविली की ती हलवायची नाही. प्रत्येक घराच्या संसारातही असेच दोन भाग असतात. देव्हाऱ्यातील टाक, कुळाचार, घरातली बोली, हातातली विद्या, साठविलेला पैसा, हे सर्व चल. ते गाठोड्यात बांधून कोठेही नेता येते. आपल्या पूर्वजांनी तसेच नेले; म्हणून देवासच्या टेकडीवर चामुंडेच्या शेजारी तुळजाभवानी नांदते, आणि आपल्या ताटात पुरणपोळीच्या जोडीला दाल-बाफले आले. तंजावरला सतराव्या शतकात गेलेल्या मराठी घरांनी तमिळ देशात राहून आपली बोली तीनशे वर्षांहून अधिक काळ घरात जपली. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ ची आहे. चल वस्तू कितीही दूर नेल्या तरी जगतात. उचलणारे हात मात्र असावे लागतात.

अचल वस्तू निराळ्या. सत्तरीच्या आईची शेजारीण अचल आहे. पहाटे कोणत्या घरी दिवा लागला नाही हे पाहून चौकशीला जाणारी गल्ली अचल आहे. विहीर, झाड, शेताचा बांध, उधारीवर औषध देणारा दुकानदार, मंदिरातील नित्यपूजा ही सर्व अचल आहेत. यांतील काहीही ट्रकमध्ये चढविता येत नाही. आपण गेलो तरी ते मागे राहते, आणि त्याचा भार दुसऱ्या कोणावर तरी पडतो. कागदावर गाळला जाणारा रकाना हाच. ‘तेथे गेल्याने आम्हांस काय मिळेल आणि आमचे काय जाईल,’ एवढेच आपण लिहितो. ‘आमच्या जाण्याने येथे कोणावर काय पडेल,’ हे लिहीत नाही.

हा रकाना लिहिण्याचे कर्तव्य आपणांवर विशेष आहे, कारण आपणांस निवड करता येते. पुष्कळांना ती नसते. आपल्याच जिल्ह्यातील कुक्षी तहसिलीतले निसरपूर घ्या. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवराचा जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला आणि त्या पाण्याने निसरपूर, चिखलदा अशी गावे गिळली. खंडवा जिल्ह्यातील हरसूद २००४ साली इंदिरा सागर धरणासाठी रिकामे करण्यात आले, तेव्हा तेथील रहिवाशांना राहती घरे स्वतःच्या हातांनी पाडावी लागली. त्यांच्या कागदावर लाभहानीचे रकाने नव्हते. होती ती नुकसानभरपाईची पावती. या आपद्‌ग्रस्तांना नवीन वसाहतीत भूखंड मिळाले. परंतु जुनी गल्ली जशीच्या तशी कोणालाही मिळाली नाही, कारण ती अचल होती. अचल वस्तूचे मोल पैशांत करता येत नाही, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

दुसरे उदाहरण त्याहून जवळचे, इतके जवळचे की आपल्या नजरेस पडत नाही. धार, झाबुआ, अलिराजपूर या भागांतील भिल्ल कुटुंबे पेरणी-कापणी आटोपली की गुजरातेत मजुरीस जातात. राजगढच्या रस्त्यावरून त्यांच्या भरलेल्या बसगाड्या जाताना आपण पाहतो. ती होळीपूर्वी भगोरियासाठी परत येतात. वर्षाचा मोठा भाग बाहेर काढूनही त्यांनी गावाशी असलेला करार मोडलेला नाही. बाहेर किती आणि घरी केव्हा, हे त्यांच्या समाजात ठरलेले आहे. सुशिक्षित म्हणविणाऱ्या आपल्या घरांपैकी किती घरांनी हे ठरविले आहे?

जे राहतात त्यांचा गौरव करून हा लेख संपविणे सोपे होते. पण ते खरे झाले नसते. राहणे हाही आपोआप सद्गुण होत नाही. कोणी भीतीने राहतो, कोणी आळसाने राहतो, कोणी घराच्या वाटणीवर डोळा ठेवून राहतो. काही जण राहतात आणि मग आयुष्यभर गेलेल्यांना बोल लावतात. आपल्या राहण्याचे व्याज वसूल करतात. असे राहणे जाण्याहून वाईट. स्थळाशी मनुष्याचे नाते तो तेथे किती वर्षे आहे यावरून नव्हे, तर त्याने त्या स्थळाकडे किती लक्ष दिले यावरून ठरते असे आम्ही मानतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या शेजारी घडले. बेळगावजवळच्या सुळेभावीचे, कानडी मातृभाषेचे, मुंबईत प्रोफेसर देवधरांकडे शिकून लहान वयातच कीर्ती मिळविलेले कुमार गंधर्व १९४८ साली देवासास आले ते क्षयाच्या आजारामुळे. कोरडी हवा मानवेल, एवढाच त्या निवडीचा आधार. कागद मांडला असता तर देवासच्या बाजूस तो एकच लाभ निघाला असता. पुढे सुमारे पाच वर्षे त्यांना गाता आले नाही. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांनी माळव्याच्या बायाबापड्यांची गाणी ऐकली, आणि त्या धुनांतून त्यांच्या गायनाला नवी दिशा मिळाली. त्यांच्या रागरचनांचा ‘अनूपरागविलास’ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. बरे झाल्यावर मुंबई-पुण्यास परत जाण्यास कोणतीही आडकाठी नव्हती. मोठ्या सभा तिकडे, श्रोते तिकडे, मानधन तिकडे. ते गाण्यासाठी सर्वत्र गेले, पण राहिले देवासासच; १२ जानेवारी १९९२ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. त्या गावी जन्मलेल्या किती जणांनी ती गाणी त्यांच्याइतकी ऐकली होती? येथे उपरा मूळ रहिवाशाहून अधिक रहिवासी झाला.

देवासच्या पाण्याचीही गोष्ट पुरी केली पाहिजे. ज्या जिल्ह्यात पाण्याची रेल्वेगाडी आणावी लागली, तेथेच २००६ पासून शेतकऱ्यांनी आपापल्या शेताचा एक तुकडा मोडून तळी खोदण्यास आरंभ केला. पिकाखालची जमीन पाण्यासाठी सोडून देणे हा दिसण्यात तोट्याचा व्यवहार. पण पाहता पाहता हजारो तळी झाली आणि कूपनलिकांच्या मागे कर्जबाजारी होणारी शेती सावरली. चाणक्यनीतीतील नदी ही खूण जेथे नव्हती, तेथे राहणाऱ्यांनी ती निर्माण केली. म्हणजे स्थळाचे गुणदोष हे दगडावर कोरलेले नसतात. आपण कागदावर जे दोष लिहितो, त्यांतील काही आपणच दूर करण्याजोगे आहेत काय, हेही विचारावयास हवे.

मग कोणी जावे व कोणी राहावे? याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. राजगढातच १९०६ साली देह ठेवलेले जैनाचार्य राजेंद्रसूरी भरतपूरचे. आयुष्यभर पायी विहार आणि पावसाळ्याचे चार महिने एका जागी, असा त्या पंथाचा नियम. तो पाळीत त्यांनी सात खंडांचा ‘अभिधानराजेंद्र’ हा प्राकृत कोश रचला. संन्याशाला घर नसणे हाच धर्म. गृहस्थाची गोष्ट वेगळी; त्याच्या घरात अचल माणसे असतात. म्हणून गृहस्थाने जाण्यापूर्वी आपल्या घरातील अचल काय आहे याची यादी करावी, आणि त्या यादीतील प्रत्येक नावापुढे, ते आता कोण सांभाळणार, हे लिहावे. ज्या नावापुढे जागा रिकामी राहील, त्याची व्यवस्था लागेपर्यंत जाण्याचा निर्णय पुरा झाला असे समजू नये.

यात सर्वांत कठीण प्रश्न वृद्धांचा. त्यांना सोबत नेले की आपले कर्तव्य झाले, असे मुलांना प्रामाणिकपणे वाटते. परंतु पुण्याच्या चौथ्या मजल्यावर औषधे वेळेवर मिळूनही, दिवसभर बोलायला कोणी नसल्यामुळे मिटून गेलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. आणि येथे एकटे राहून रात्रीच्या दुखण्यात कोणालाही हाक न मारू शकलेलीही पाहिली आहेत. दोन्हींत हानी आहे. तेव्हा निदान एवढे तरी व्हावे की ज्यांना हलवायचे, त्यांनाच प्रथम विचारावे. आमच्या घरांत मुलांच्या शाळेची चौकशी महिनोन्‌महिने होते आणि आजीला मात्र ‘पुढल्या आठवड्यात निघायचे आहे’ असे सांगितले जाते. ती सामान नव्हे.

हा प्रश्न आमच्यापुढे पुस्तकातून आलेला नाही. आम्ही पुजाऱ्याच्या घरचे. शिक्षण उच्च माध्यमिक शाळेपुरते. देवाच्या पूजेची पाळी आमच्या भाऊबंदांच्या तीन घरांत विभागलेली. त्यांपैकी एक घर इंदुरास गेले, दुसरे पुण्यास. दोघांनीही आपापल्या मुलांच्या हितासाठी योग्य तेच केले. पण त्यांच्या पाळ्या हळूहळू, कोणी न ठरविता, आमच्या वडिलांकडे आल्या. वडिलांचे वय आता चौसष्ट आहे. धाकटा भाऊ पिथमपुरात कामाला लागला, आणि आम्हांसही तेथे येण्याविषयी त्याचा आग्रह होता. त्याच्या कागदावर पिथमपूरच्या बाजूस सात लाभ होते. राजगढच्या बाजूस दोनच. आम्ही त्या कागदावर तिसरा रकाना ओढला आणि त्यात एकच ओळ लिहिली : बाराही महिने पहाटेची पूजा, वडील एकटे.

गेल्या दिवाळीत तिन्ही घरे एकत्र जमली असता हा कागद सर्वांपुढे ठेवला. राग कोणी केला नाही, उलट पुण्याचे काका म्हणाले, “अरे, हे आम्हांला इतकी वर्षे कोणी विचारलेच नाही.” बोलून असे ठरले की वैशाखात शाळांना सुटी असते, तो महिना पुण्याच्या घराने येऊन पाळी करावी, कार्तिकातील पंधरा दिवस इंदूरच्या घराने, आणि उरलेल्या काळाचा नैवेद्य-तेलवातीचा खर्च तिघांनी वाटून घ्यावा. आम्ही तूर्त येथेच राहण्याचे ठरविले आहे. हा त्याग नव्हे. वैशाखाचा मोकळा महिना आम्हांस बाहेरून पदवीच्या परीक्षेला बसण्यास उपयोगी पडेल. आणि वडिलांनंतर, किंवा आमची मुले शाळेत जाऊ लागतील तेव्हा, तोच कागद पुन्हा उघडावा लागेल, हेही आम्ही जाणतो. त्या वेळी कदाचित आम्हीच जाणारे असू. तसे झाले तर राहणाऱ्याशी काय बोलून निघायचे, एवढे तरी आम्हांस आजच ठाऊक आहे.

वाचकबंधुभगिनींनो, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी या वर्षी असा कागद मांडला जाणार आहे, त्यांना आमची तीन गोष्टींची विनंती आहे. कागदावर तिसरा रकाना ओढावा. तो भरताना ज्यांना मागे राहायचे आहे त्यांना, आणि ज्यांना मनाविरुद्ध यावे लागणार आहे त्यांनाही, शेजारी बसवावे. आणि जायचे ठरले तर परत कोणत्या महिन्यात यायचे व कोणता भार उचलायचा, हे निघण्यापूर्वी ठरवून राहणाऱ्यास सांगावे. एवढे केले तर तुम्ही इंदुरास जा, पुण्यास जा, समुद्रापार जा. तुमच्या मागे गल्लीत दोष देणारे कोणी उरणार नाही. आणि जे राहतील, त्यांनीही दार उघडे ठेवावे. गेलेला मनुष्य वैशाखात सामान घेऊन दारी आला म्हणजे त्याला इतक्या वर्षांचा हिशेब न विचारता आधी हातपाय धुण्यास पाणी द्यावे.